पाच मीटरचा फाउस्तो

३ नोव्हेंबर

काल मृतांचा दिवस. तुझ्या कबरीवर जाऊन आले, आर्सेनियो. फुलं वाहिली, जांभळी खीर ठेवली, आणि बसून तुला सगळं सांगितलं. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या तेव्हा उठले. म्हणून आता हे वहीत लिहिते. बोलल्याशिवाय मला राहवत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

फाउस्तो कबरीवर आला नाही. का आला नाही ते घरी परतल्यावर कळलं. भर गल्लीत मोटरसायकलची शर्यत लावली होती मेल्यानं. कोपऱ्यावर म्हातारा तेल्मो, आपला चांभार, त्याच्या स्टुलावर बसलेला असतो ना नेहमी, त्याला उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. आणि आमचे चिरंजीव पळून गेले, गाडी तिथेच टाकून!

सगळी गल्ली माझ्या दारात. मी काय सांगणार? रात्रभर खिडकीत बसून त्याची वाट बघितली. तेल्मोला टॅक्सीत कोणी घातलं, कोण त्याच्याबरोबर गेलं, मला ठाऊक नाही. आपली रूत म्हणे गेली होती.

५ नोव्हेंबर

आला. तीन ताटं भात हाणला, वर तळलेली केळी. पोर उपाशी होतं.

मग मी तोंड सोडलं. "अरे निलाजऱ्या, म्हाताऱ्या माणसाला लोळवून पळालास? बापाचं नाव बुडवलंस! सत्तावीस वर्षांचा घोडा झालास!" इतकं बोलले, इतकं बोलले की घसा बसला. तो खाली मान घालील असं वाटलं होतं. छे! कोपर गुडघ्यावर टेकून, फुटबॉलचा सामना बघावा तसा माझ्याकडे बघत बसला होता. मधेच म्हणतो कसा, "आई, तो उडाला ना, ते सांगायचं राहिलं तुझं."

मला हसू आलं. हसायला नको होतं. पण तू असतास तर तूही हसला असतास.

रूत जेवताना काहीतरी सांगत होती. तिच्या त्या नर्सच्या कामाचा निकाल लागलाय, कुठल्याशा गावच्या इस्पितळात तिला बोलावलंय. गावाचं नावही घेतलं. मी म्हटलं, थांब जरा बाई, इथे घर पेटलंय.

१२ नोव्हेंबर

टायरवाल्या वेलिंग्टनच्या ताडपत्रीखाली गल्लीची बैठक झाली. एकतीस डिसेंबरला यंदा कोणाचा पुतळा जाळायचा, हा विषय. दरवर्षी आपण कोणातरी बड्या धेंडाचा करतो. यंदा वेलिंग्टन उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "बड्यांना काय, कळतही नाही. आपल्या गल्लीतलं पाप आपण जाळू या. फाउस्तोचा करू."

सगळे माझ्याकडे बघतायत. कारण पुतळा बनणार आपल्याच अंगणात, आर्सेनियो. तुझ्या मागे हे काम आपल्याच घरात आहे, आणि जुन्या वर्षाचं मृत्युपत्र तर मीच लिहिते. कोणाला काय ठेवून जातं ते म्हातारं वर्ष, कोणाला चिमटा काढून जातं, हे ऐकायला अर्धी वस्ती येते.

मी विचार केला. चारचौघांत पट्ट्यानं आपलाच पुतळा बडवला जातोय, लोक शिव्या देतायत, मग आग लागते, हे बघून लाज नाही वाटणार त्याला? मी ओरडून जमलं नाही ते गल्लीनं केलं तर? मी म्हटलं, "करा. मी त्याची आई आहे, माझी परवानगी आहे."

टाळ्या वाजल्या. काय सांगू, छातीत दुखत होतं, तरी बरंही वाटलं.

घरी येताना रूत म्हणाली, "आई, नको हे. त्याला लोकांनी बघितलेलंच हवं असतं."

"शिव्या घालायला बघणार आहेत, लाडू द्यायला नाही," मी म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही. ती कधी बोलत नाहीच.

२० नोव्हेंबर

बांबूचा सांगाडा उभा राहिला. वेलिंग्टनला तीन मीटरचा हवा होता, पोरांनी आरडाओरडा करून पाच मीटरचा करायला लावला. सिमेंटच्या पोत्यांचा कागद भिजतोय, खळीचं पातेलं सतत चुलीवर. घरभर तो आंबूस वास, तुझ्या वेळेला असायचा तसाच.

आज काय झालं सांगू? फाउस्तो स्वतः माप द्यायला आला! मी त्याला हाकलणार होते. पण तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला, हात पसरून, येशूसारखा, आणि म्हणाला, "बघून घ्या नीट. चूक नको." शेजारची पोरं खिदळायला लागली. शिडीवर रूत होती, तिला म्हणतो, "नाक जरा सरळ कर ना ताई, तुझं काय जातंय?"

मी खाली बसून एकेक सांगत होते. भुवई अशी, हनुवटीवरची खूण इथे, लहानपणी पत्र्यावर पडला होता ना तेव्हाची. त्याचा निळा शर्ट, चौथं बटण तुटलेलं, कॉलर उजवीकडे विरलेली, ते सगळं तसंच हवं म्हटलं मी. मोठ्या मापाचा शिवून घेतला. लाजवायचं तर ओळखू तर यायला हवा!

रूतचे हात खळीनं फाटलेत. मी तिला म्हटलं, कान मोठे झालेत, परत कर.

१ डिसेंबर

चेहरा लागला आणि गल्लीत कोणी राहिलं नाही, सगळे अंगणात. दुसऱ्या वस्तीतले लोक येतात. पुतळ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. मग विचारतात, "खरा कुठाय?" आणि खरा असतोच तिथे, काळा चष्मा लावून. कुठून आणला देव जाणे. पोरांच्या टोप्यांवर सही करतो.

मला कळेना झालंय. काल एका बाईनं मला विचारलं, "तुम्ही त्याच्या आई का?" मी मान खाली घालून हो म्हटलं. तर ती म्हणते, "माझ्या मुलीला एक फोटो हवाय त्याच्याबरोबर."

रात्री त्यानं पुढचं चाक वर उचलून गाडी गल्लीभर फिरवली. तेल्मोला घरी आणून खाटेवर टाकलंय, त्याच्या खिडकीखालून. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मी मनाशी म्हटलं, एकतीस तारीख येऊ दे. पट्टे पडतील तेव्हा उतरेल सगळं.

९ डिसेंबर

टीव्हीवाले आले. मी निळा झगा घातला, केस सेट करून आले. कॅमेरा बघून माझी बोबडीच वळली असती, पण त्या पोरीनं हात धरला आणि विचारलं, "आई म्हणून काय वाटतं तुम्हाला?" मग मी बोलले. चांगलं बोलले. रडलेही थोडी. त्याच्या जन्मापासून सांगितलं. पाच मिनिटं दाखवलं, मोठीच गोष्ट आहे.

पुतळा कोणी बनवला विचारल्यावर वेलिंग्टन म्हणाला, "आम्ही सगळ्यांनी!" रूत नव्हती तिथे, तेल्मोकडे गेली होती. ती रोज जाते. कूस बदलायला, अंग पुसायला. ज्याच्याकडे कोणी जात नाही त्याच्याकडे जायची सवयच आहे तिला.

त्यांना तेल्मोलाही दाखवायचं होतं. त्याच्या बायकोनं, दिग्नानं, दार लावून घेतलं. पोरगी म्हणाली, "असू दे, फाउस्तो आहे तेवढं पुरे."

१४ डिसेंबर

दिग्ना आली. बस म्हटलं तर बसली नाही. पुतळ्याकडे बघत उभी राहिली, मान वर करकरून.

"ओब्दुलियाबाई, हे माझ्या नवऱ्यासाठी चाललंय ना?"

"अगं, त्याच्यासाठीच तर! न्याय म्हणून."

"मग तो कुठाय ह्यात?"

मी परत खुर्ची पुढे केली.

"त्याला ज्यानं पाडलं तो पाच मीटरचा. पोरं त्याच्या पायाला हात लावतायत, मी बघितलं आत्ता. आणि माझा नवरा खाटेवर विचारतो, बाहेर कसला गोंगाट आहे गं? मी काय सांगू त्याला? चाळीस वर्षं तुमच्या चपला शिवल्या त्यानं. कोणी दोन वाक्यं बोललंत त्याच्यावर?"

"दिग्नाबाई, मी त्याच्यावर लिहीन. मृत्युपत्रात."

"नका लिहू," ती म्हणाली. "त्याच्याकडे येऊन बसा जरा. तुमची मुलगी बसते तशी."

जाईन म्हटलं. आज नाही जमलं, अंगणात गर्दी फार होती. उद्या नक्की.

१९ डिसेंबर

मृत्युपत्र लिहायला घेतलं. फाउस्तोवर एकामागून एक सुचतंय, हात थांबत नाही:

फाउस्तोला सोडून जातो माझा खोटा दात,
पोलिसाला चावून ये, पण खा घरचा भात!

त्याला वाचून दाखवलं नाही, तरी त्यानं दाराआडून ऐकलं आणि टाळी वाजवली. "अजून दोन कडवी टाक ना आई. गेल्या वर्षी एकच होतं." बरोबर आहे त्याचं. गेल्या वर्षी चर्चचा कर्णा त्यानं खाडीत फेकला होता, त्यावर एक लिहिलं होतं. तो खुर्चीवर उभा राहून तीनदा म्हणायला लावत होता मला.

रूत भांडी पुसत होती. म्हणाली, "आई, माझ्यावर कधी लिहिलंस का गं?"

"तुझ्यावर काय लिहू?" मी म्हटलं. "तू काही केलंच नाहीस." म्हणजे चेष्टेनं. म्हणजे, वाईट काही केलं नाहीस, असं. तिला कळलं असेलच.

ती म्हणाली, "खरंय." आणि पातेलं जागेवर ठेवलं.

मग विचारते, "तेल्मोवर?"

"ते दुःखाचं आहे गं. लोक हसायला येतात." सुचतही नाही, खरं सांगायचं तर. चांगल्या माणसावर यमक जुळवणं फार कठीण.

२३ डिसेंबर

तेल्मो गेला. पडून पडून छातीत कफ भरला. दिग्नानं आणि रूतनं त्याला अंघोळ घातली.

मी गेलेच नव्हते, आर्सेनियो. उद्या उद्या करत राहिले. शवपेटीपाशी उभी राहिले तेव्हा मला त्याचे हात दिसले, आरीच्या टोचण्यांनी भोकं पडलेले. मला तिथेच मरून जावंसं वाटलं. आम्ही एका माणसाला मारलं आणि वर जत्रा भरवली.

तेवढ्यात दारात कुजबुज. फाउस्तो. काळा शर्ट घालून आलेला. लोक बाजूला झाले, त्याला वाट दिली. तो पेटीवर पडून रडला. खरंच रडला, मी त्याची आई आहे, मला कळतं. पण रडताना एकदा मान वळवून बघितलं त्यानं. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. कोणी त्याला पाणी दिलं, कोणी पाठीवर हात फिरवला, मीही. दिग्ना कोपऱ्यात एकटी उभी होती. म्हणजे एकटी नाही, रूत होती.

मी बाहेर येऊन वेलिंग्टनला म्हटलं, "पुतळा मोडून टाक. नको आता."

"वेड लागलंय का मावशी? टीव्हीवाले थेट दाखवणार आहेत. तेल्मोच्या स्मरणार्थ म्हणून जाळू ना!"

मी आणखी बोलायला हवं होतं.

३१ डिसेंबर, दुपार

रस्त्यात दोऱ्या लावून पोरं बायकांचे काळे झगे घालून उभी आहेत, जुन्या वर्षाच्या विधवा बनून पैशांसाठी गाड्या अडवतायत, "माझं म्हातारं मेलं हो" म्हणून गळे काढतायत. इतकी वर्षं मी ह्यावर हसले. आज दिग्नाच्या दारासमोरही तेच चाललं होतं. मी ओरडून पळवलं त्यांना.

फाउस्तोनं जाहीर केलंय, मी माझ्याच आगीवरून उडी मारणार. विझत आल्यावर नाही, पेटलेली असताना. मी पायाला हात लावून विनवलं. तो म्हणाला, "लोक त्यासाठीच तर येणार आहेत आई."

रूतनं माळ्यावरची तपकिरी बॅग काढलीय. बारा वाजता रिकामी बॅग घेऊन गल्लीला चक्कर मारली की वर्षभरात प्रवास घडतो. तिनं आजवर कधी मारली नव्हती.

१ जानेवारी

काल रात्रीचं सगळं लिहिते.

मृत्युपत्र वाचलं. हशा, टाळ्या. मग पट्टे काढायची वेळ. दरवर्षी लोक तुटून पडतात पुतळ्यावर. यंदा कोणी पट्टा काढलाच नाही, आर्सेनियो! कोणी एकानंही नाही. पोरी त्याच्या कागदी हाताचे मुके घेत होत्या. मी वाट बघत उभी, आता मारतील, आता मारतील. शेवटी मीच वेलिंग्टनच्या कमरेचा पट्टा ओढून काढला आणि एक हाणला. लोक हसले. त्यांना वाटलं, हाही खेळच.

काडी फाउस्तोनंच लावली.

ज्वाळा वर गेल्या, पोटातले फटाके फुटायला लागले. तेव्हा रूत माझ्यापाशी आली. म्हणाली, "आई, मी निघते हं चक्कर मारायला."

"जा जा," मी म्हटलं, डोळे फाउस्तोवर. "लवकर ये, नव्या वर्षाची द्राक्षं खायचीत."

तिनं माझ्या गालाला गाल लावला. बॅगेचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं, ती दोन्ही हातांनी उचलायला लागली. मी म्हटलंसुद्धा, "रिकामी बॅग आणि एवढं काय कुंथतेस?" ती हसली की नाही, मी बघितलं नाही, कारण तेवढ्यात लोक ओरडले आणि तो धावत सुटला होता.

पलीकडे पडला. पॅन्ट पेटलेली. मी कशी पोचले ठाऊक नाही, अंगावरची शाल टाकून विझवलं. इस्पितळात पहाट झाली. पोटरी भाजलीय, जपलं तर बरी होईल, म्हणाले डॉक्टर. तिथली नर्सही त्याला ओळखत होती.

सकाळी घरी आले. टेबलावर माझ्या वाटीत द्राक्षं, रूतच्या वाटीत द्राक्षं. तिच्या कपाटात हँगर लटकतायत नुसते.

सगळ्या गल्लीला विचारलं, रूत कुठल्या बाजूला गेली? बसच्या बाजूला की पुलाच्या? प्रत्येकाला उडी दिसली, मावशी काय उडी होती म्हणाले. रूत कोणालाच दिसली नाही. दिग्नाला विचारलं. ती म्हणाली, "मला सांगून गेली ती. तुम्हालाही सांगितलंय म्हणाली." आणि दार लावलं.

४ जानेवारी

फोन बंद. पोलिसांकडे गेले. अंमलदार म्हणाला, एकोणतीस वर्षांची बाई बॅग घेऊन गेली तर आम्ही काय करणार? तरी लिहून घेतो. काय घातलं होतं तिनं?

मी लगेच म्हटलं, "निळा शर्ट, चौथं बटण तुटलेलं, कॉलर उजवीकडे..." आणि थांबले.

तो लिहीत होता. म्हणाला, "पुढे?"

पुढे मला काहीच सांगता येईना. केस बांधले होते की सोडले होते? पायात काय होतं? शेवटचं माझ्या गालाला लागली ती, एवढंच आठवतं. मी त्या बाकड्यावर बसून हंबरडा फोडला. अंमलदारानं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "टीव्हीवर आल्या होत्या ना तुम्ही?"

मी कसली आई, आर्सेनियो? तूच सांग.

६ जानेवारी

तिचा फोन आला! अनोळखी नंबर होता, उचलणारच नव्हते.

"आई, मी रूत. नीट पोचले. काळजी करू नकोस."

मी रडले, तीही रडली असावी. मी ठरवलं होतं, फोन आला तर तिचं ऐकायचं, फक्त तिचं. "कशी आहेस गं?" म्हटलं.

"बरी आहे. तू?"

मी म्हटलं, मी कसली बरी, फाउस्तोची पोटरी बघवत नाही, रोज पट्टी बदलताना किंचाळतो, औषध घेत नाही, आणि टीव्हीवाल्यांनी परत बोलावलंय त्याला, भाजलेला पाय दाखवायला, तूच सांग जाऊ देऊ का? आणि वेलिंग्टन म्हणतो पुढच्या वर्षी आठ मीटरचा. आणि काल रात्री पांगळ्या पायानं गाडीवर बसायला निघाला...

"आई, मला तुला एक सांगायचंय."

"सांग ना राणी, पण आधी हे ऐक," मी म्हटलं, आणि गाडीचं पूर्ण सांगितलं. ती हं, हं करत होती. मग हं पण थांबलं. हॅलो, हॅलो केलं. रेंज गेली असेल.

फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. कुठे आहेस, हे विचारलंच नाही.

तोच नंबर परत परत लावतेय. वाजतो, कोणी उचलत नाही. फाउस्तोला हलवून उठवलं, "अरे, कुठल्या गावचं इस्पितळ म्हणाली होती रे रूत?"

"मला काय माहीत? तुला सांगितलं असेल तिनं."

सांगितलं होतं. इथेच, ह्याच टेबलाशी, माझ्या समोर बसून सांगितलं होतं.